पांढरे केस घेऊन ये

पाटण,
११ डिसेंबर २०२५

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, मला चाळिशीचा चष्मा लागला. म्हातारी झाले मी." हसत म्हणालीस, पण त्या हसण्यात काहीतरी अडकलं होतं. माझे कान हल्ली मंद झालेत, तरी तुझ्या आवाजातलं एवढं मला अजून कळतं. उत्तर सुचेपर्यंत तुझी आई मध्येच तिळाच्या वड्यांचं बोलायला लागली आणि राहून गेलं. म्हणून लिहायला बसलोय.

आजची तारीख तुला ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप तू लहानपणापासून ऐकत आलीस, पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. दोघंही सतरा वर्षांचे. त्याला मिशी फुटत नव्हती आणि मोठं व्हायची भारी घाई होती. ब्लेड फिरवलं की मिशी दाट येते, असं कुणीतरी त्याला सांगितलेलं. मग तो वडिलांचं ब्लेड चोरून ओठावर कोरडंच फिरवायचा. शनिवारी शाळा सुटताना त्यानं मला ओठ दाखवला. "बघ रे, आली का?" मी म्हटलं, "आली." खरं तर काहीच दिसत नव्हतं. सोमवारी पहाटे आमच्या घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली आणि त्यांच्या घराची आत. त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक.

माझ्या मिशीत पहिला पांढरा केस दिसला तेव्हा मी तो उपटला नाही. तू तेव्हा कॉलेजात होतीस. "अण्णा, कलप लावा," म्हणून मागे लागायचीस. मी नुसताच मान हलवायचो. का, ते आज लिहितोय.

आता तुझ्या चष्म्याचं. माझे वडील पोस्टकार्ड वाचायला कंदिलाजवळ जायचे आणि हात लांब, आणखी लांब करत राहायचे. हात संपला की कार्ड माझ्याकडे द्यायचे. चाळिशीच्या पुढं डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसत नाही, एवढंच ते असतं. साध्या चष्म्यानं भागलं असतं, पण घरात चष्म्यापेक्षा निकडीचं काहीतरी कायम असायचं. १९७७ साली ते गेले, बावन्नाव्या वर्षी. तुझा जन्म तीन वर्षांनी. मी आज त्यांच्याहून तेवीस वर्षांनी मोठा आहे. कधी कधी सकाळी अंगणात ऊन खात बसलो की वाटतं, ही वर्षं त्यांची होती, माझ्या हाती आली. मग चहासुद्धा सावकाश पितो.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते तू धावपळीत पाहिलंस. आजीचा मोतीबिंदू तुला आठवत नसेल. तो पिकेपर्यंत थांबायचं म्हणून ती दोन वर्षं चाचपडत होती, आणि नंतर नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मी मात्र सकाळी गेलो आणि दुपारी जेवायला घरी होतो. डॉक्टरांना विचारलं, आत बसवता ते काय असतं? त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरोल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळा निमूट सोसतो, त्यानं तो चिडत नाही. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. मी जन्मलो त्याच्या सहाच महिने आधी, ताई! मी पाळण्यात होतो तेव्हापासून कुणीतरी माझ्या पंचाहत्तरीची तयारी करत होतं. पट्टी काढली त्या दिवशी परसातली जास्वंद इतकी लाल दिसली की मी तुझ्या आईला हाक मारून बोलावलं. ती म्हणाली, ती तशीच असते.

माझी जन्मतारीख १ जून ही गुरुजींनी शाळेत घातलेली. खरी कुणालाच ठाऊक नाही. पावसाच्या आधी जन्मलो, एवढं आई सांगायची. पण मला ती तारीख आवडते, कारण एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीच पुण्याहून अहमदनगरला सुटली. ज्या एस.टी.नं चौतीस वर्षं आपलं घर चालवलं, ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आता पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर तिथं मला तिकीट नाही. तुझ्या आईला अर्धं. ती म्हणते, तुमच्यापेक्षा माझा मान मोठा, मी पैसे देऊन बसते.

गेल्या महिन्यात चिपळूणला निघालो होतो. पायरी चढताना गुडघा अडला. कंडक्टर मुलगी होती, आपल्या धाकट्याच्या वयाची. तिनं हात दिला. "सावकाश, आजोबा. घाई नाही." मग आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट दिलं. मी ते पाकिटात ठेवलंय.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मला एक म्हातारा आठवत होता. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल, मी कंडक्टर होतो. याच रस्त्यावर तो धोतराच्या कनवटीची गाठ सोडत होता, बोटं थरथरत होती, आणि गाडी लेट झाली होती. मी त्याच्यावर खेकसलो. "हात चालवा की जरा!" तो काही बोलला नाही. नाणी माझ्या हातावर ठेवताना त्यातलं एक खाली पडलं आणि त्यानंच वाकून उचललं. आज माझी बोटं तशीच थरथरतात. त्या मुलीनं मला जे दिलं, ते मी त्याला दिलं नव्हतं. ती उतरून गेली तेव्हा मी तिला हात जोडले. तिला वाटलं असेल, म्हातारा भाविक आहे.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. रात्री पाय वळतात. बरोबरीचे एकेक जातात, तेव्हा दोन-दोन दिवस जेवण जात नाही. परवा शेजारच्या मुलाचं नाव अर्धा तास आठवेना, आणि मी घाबरलो. तुझ्या आईला सांगितलं नाही, तुला सांगतोय. पण रोज दाढी करताना ही पांढरी मिशी बघतो, तेव्हा तो शनिवार आठवतो आणि तक्रार तोंडापर्यंत येत नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता लवकरच होईल. संक्रांतीला येशील तेव्हा दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसत असेल. चष्मा लावून ये, आणि केस काळे करून येऊ नकोस. माझे पांढरे केस बघायला माझे वडील राहिले नाहीत. तुझे मला बघायचेत.

तुझा,
अण्णा