‘ते म्हणाले’ आणि ‘तो पळाला’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी पाववाल्या पोदेराचा हॉर्न आणि पेपर दोन्ही एकाच वेळी येतात आणि गेली कित्येक वर्षं पाव बाजूला ठेवून मी आधी पेपर उघडते, त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून नव्हे तर घरच्या माणसाने बोलावं तसं वाचा. माझी मुलगी पणजीला कॉलेजात शिकते, तिला यंदा टॅब्लॉइड पेपरांची भाषा हा प्रोजेक्ट होता. ती रात्री जेवताना एकेक गोष्ट सांगायची आणि मला झोप यायची नाही.

टॅब्लॉइड हा शब्द मुळात औषधाच्या गोळीचा, १८८४ साली बरोज वेलकम या कंपनीने दाबून बनवलेल्या गोळ्यांसाठी तो रजिस्टर केला होता. मग दाबून लहान केलेल्या बातमीला आणि पेपराच्या लहान आकाराला तोच शब्द चिकटला. आपल्याकडे गोव्यात पेपर मोठ्या आकाराचेच आहेत, पण भाषा मात्र हळूहळू गोळीची व्हायला लागली आहे असं मला वाटतं आणि मोबाइलवरच्या बातम्यांनी तर कहर केलाय.

तिच्या प्रोजेक्टमध्ये हिल्सबरोचं प्रकरण होतं. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमधल्या शेफिल्डला हिल्सबरो मैदानावर फुटबॉल मॅचच्या वेळी चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूल क्लबचे ९७ समर्थक त्यात गेले, आणि चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सत्य’ असं हेडिंग देऊन छापलं की प्रेक्षकांनीच मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं होतं. पेपराने पहिल्या पानावर माफी मागितली ती २०१२ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता हे ज्युरीने सांगेपर्यंत २०१६ उजाडलं. लिव्हरपूलमध्ये अजूनही खूप लोक तो पेपर हातात धरत नाहीत. २०१६ मध्येच ‘डेली मेल’ने तीन न्यायाधीशांचे फोटो छापून वर ‘लोकांचे शत्रू’ असं लिहिलं, का तर ब्रेक्झिटची प्रक्रिया सुरू करायला पार्लमेंटची परवानगी लागेल एवढंच ते म्हणाले होते.

हे ऐकून मी म्हटलं, अगं आपल्या पेपरात बघूया ना. मग आम्ही दोघींनी महिनाभराचे पेपर घेतले आणि पेन्सिलने खुणा करत बसलो. इंग्रजीत नसलेली एक गोष्ट आपल्या मराठीत आहे, आदरार्थी बहुवचन! मंत्री ‘म्हणाले’, उद्योजक ‘हजर झाले’, बिल्डर ‘यांची चौकशी झाली’, आणि मजूर? तो ‘पळाला’, ‘त्याला पकडला’, ‘त्याच्या मुसक्या आवळल्या’. दोघांवर गुन्हा एकाच कलमाखाली असला, दोघांचाही निकाल लागायचा असला तरी एकाला अहो आणि दुसऱ्याला अरे. कोर्टाच्या आधी क्रियापदाने निकाल दिलेला असतो. आणि हे कुणी मुद्दाम करत नाही हे मला माहीत आहे, हात तसाच वळतो, म्हणून तर जास्त भीती वाटते.

बायकांचं बघा, मेलेली बाई हेडिंगमध्ये ‘विवाहिता’ असते. तिचं वय, तिची नोकरी, तिने काय कमावलं ते नंतर, आधी लग्न. पुरुषाच्या मरणावर ‘विवाहित’ असं हेडिंग मला तरी सापडलं नाही.

आणि जमिनीच्या बातम्या. ‘डोंगर कापला गेला’, ‘शेतजमिनीचे रूपांतर झाले’, आपोआप झालं काय? कुणी अर्ज केला, कुणी सही केली, ते नाव चौथ्या परिच्छेदात, बऱ्याचदा तेही नाही. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची ते, बदलले त्याला सरकारने दुरुस्ती म्हटलं आणि आपणही दुरुस्तीच छापलं, मग वाचणाऱ्याला वाटलं आधी काहीतरी चूक होती ती सुधारली.

राजकीय बाजू घेण्याला माझा विरोध नाही हं. माझे वडील सांगायचे, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी ‘राष्ट्रमत’ वेगळ्या गोव्यासाठी लढत होता आणि ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, दोन्ही मराठीच पेपर. वेगळ्या गोव्याची निशाणी दोन पानं, विलीनीकरणाची फूल, दोन पानं की फूल यावरून घराघरात भांडणं, ‘राष्ट्रमत’मधलं ‘ब्रह्मास्त्र’ सदर लोक एकमेकांना वाचून दाखवायचे. निकाल लागला ३४,०२१ मतांनी, दोन पानांच्या बाजूने. पण कोण कुठे उभा आहे ते वाचणाऱ्याला उघड दिसत होतं, त्यामुळे तो दोन्ही वाचून ठरवू शकत होता. ‘म्हणाले’ आणि ‘म्हणाला’ मध्ये लपलेली बाजू कशी ओळखायची?

हे सगळं मला इतकं का लागतं ते सांगते. आमच्या शेजारी भाड्याने एक कुटुंब राहतं, आजोबा कर्नाटकातून आले, हा मुलगा इथलाच जन्मलेला, इथल्याच सरकारी शाळेत शिकला, माझ्या मुलीबरोबर शिगमोत नाचलेला. एका चोरीत त्याला संशयावरून नेलं आणि दुसऱ्या दिवशी एका पेपरात ‘बिगर गोमंतकीय भामटा गजाआड’, फोटोसकट, पहिल्या पानावर. आठवड्याने खरा चोर सापडला, याला सोडलं. ती बातमी आली आतल्या पानावर, दोन ओळी, नाव नाही, फोटो नाही. आता त्याला कुणी कामावर ठेवत नाही, आणि घरमालकाने भाडेकरू पडताळणीचा फॉर्म परत भरून मागितला, जो आधीच भरलेला होता. त्याची आई माझ्याकडे ते पान घेऊन आली होती, तिला मराठी वाचता येत नाही, विचारत होती यात काय लिहिलंय आणि मला ‘भामटा’ हा शब्द तिला वाचून दाखवता आला नाही.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, गुन्ह्याच्या बातमीत निकाल लागेपर्यंत एक तर सगळ्यांना अहो लिहा नाहीतर सगळ्यांना अरे, माणूस कुठून आला त्याचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर हेडिंगमध्ये गाव-राज्य घालू नका, आणि ज्याचा फोटो पहिल्या पानावर छापला तो निर्दोष सुटला तर त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा. तुमच्या डेस्कवर नवीन येणाऱ्या मुलांना हे पहिल्या दिवशी सांगता येईल, पैसे लागत नाहीत.

आमच्या खुणा केलेल्या कात्रणांची फाइल घरी आहे, त्यात तुमच्या पेपराचीही आहेत. सांगाल त्या दिवशी कदंबा बसने पणजीला येऊन दाखवते, मुलगीही येईल.

आपली नेहमीची वाचक,
फोंडा