पेशीपटलाकडून शिकलेले बहुवारिक

संपादक महोदय,

हृदयाची कृत्रिम झडप किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) शरीरात बसवला की रक्तातील प्रथिने त्या परक्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यांवर प्लेटलेट्स जमतात आणि गुठळी होण्याचा धोका निर्माण होतो. रक्तपेशींच्या पटलावर सहसा असे घडत नाही, याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे त्याच्या बाह्य थरात विपुल असणारा फॉस्फोरिलकोलीन हा अणूंचा गट, जो धन व ऋण असे दोन्ही भार बाळगतो आणि पाण्याचे रेणू आपल्याभोवती धरून ठेवतो. हाच गट जोडलेला ‘एमपीसी’ हा रेणू जपानमध्ये नोबुओ नाकाबायाशी यांच्या संशोधक चमूने १९७०च्या दशकात घडवला. तो शुद्ध स्वरूपात मिळवणे जिकिरीचे होते, आणि ती अडचण पुढे काझुहिको इशिहारा यांनी दूर केली. आज त्यापासून बनलेली बहुवारिके (पॉलिमर, म्हणजे असे अनेक रेणू साखळीसारखे जोडून बनलेले पदार्थ) कॉन्टॅक्ट लेन्सपासून कृत्रिम खुब्याच्या सांध्यापर्यंत वापरली जातात. धातू वा कार्बनची यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, हे पाहता पृष्ठभागाचे हे रसायनशास्त्र मला यंत्राइतकेच मोलाचे वाटते. आपल्या विज्ञान पुरवणीत या संशोधनाला सविस्तर जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक