ट्रकवाल्यांची झोप आणि आपला रात्रीचा प्रवास

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या अपघातांबद्दल आपल्या अंकात आलेली पत्रे वाचली. बहुतेकांचा सूर एकच, ट्रकवाले पिऊन चालवतात, त्यांना धरा. पिणाऱ्यांना धरावेच. पण माझी सगळी नोकरी इंदूरजवळच्या पीथमपुरात, कारखान्यातून माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच खात्यात गेली आणि तिथल्या गेटवर मी दारूपेक्षा झोप जास्त पाहिली.

ट्रक सकाळी सातला गेटवर लागतो. आधी माल तयार नसतो, मग कागद, आणि दोन्ही झाले की क्रेनवाला जेवायला गेलेला असतो. रांग सरकली की गाडी पुढे घ्यायची, त्यामुळे ड्रायव्हरला धड आडवेही होता येत नाही. सावली नाही, संडास नाही. संध्याकाळी गाडी भरते आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात देताना बजावले जाते, उद्या सकाळी भिवंडीला पोचली पाहिजे. हल्ली बऱ्याच गाड्यांवर क्लीनरही नसतो, म्हणजे रात्रभर बोलायला कोणी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास ठरवून दिले होते, लांब पल्ल्याला फार तर १०, आणि ५ तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती. गेटवर गेलेला दिवस यात कोण धरतो? सलग १७ तास जागा असलेला माणूस थोडी घेतलेल्या माणसासारखाच चुकतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. पोलिसांच्या फुंकायच्या यंत्रात मात्र ते दिसत नाही.

आता आपल्याबद्दल. नाशिक-पुण्याला लग्न असो की मुंज, आपण इंदूरकर जेवणे उरकून रात्री अकराला निघतो. गर्दी कमी, मुले झोपतात, सकाळच्या चहाला नाशिक! शरीराला सर्वांत गाढ झोप हवी असते ती पहाटे दोन ते पाच, आणि नेमके तेव्हाच आपण सेंधवा ते मालेगाव या पट्ट्यात असतो. समोरचाही पेंगलेला, आपणही. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर साठ-पासष्ट मीटर रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो. मला विचाराल तर पहाटे पाचला निघावे आणि दुपारी पोचावे. मुहूर्त गाठायचा असेल तर आदल्या दिवशी.

पुढचा ट्रक हळूहळू कडेच्या पांढऱ्या पट्टीवर सरकतो आणि झटक्यात परत येतो, चढ-उतार नसताना वेग कमी-जास्त होतो, डिपर दिला, म्हणजे हेडलाइट वर-खाली करून इशारा केला, तरी दखल नाही, म्हणजे ड्रायव्हर पेंगतो आहे असे समजावे. त्याच्या शेजारी रेंगाळू नये. मागे भरपूर अंतर ठेवावे किंवा सरळ, मोकळा रस्ता मिळाला की हॉर्न देऊन उजवीकडून निघून जावे. भरलेले ट्रक उजवी लेन सोडत नाहीत ही तक्रार खरी आहे. डावीकडे बिनदिव्याचे ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतात, असे ड्रायव्हर सांगतात. तेही खोटे नाही. मग आपण वैतागून डावीकडून घुसतो. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, डाव्या दाराखालची जागा त्याला जवळजवळ दिसतच नाही. ट्रकच्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपली गाडी त्याच्या लेखी तिथे नाहीच.

सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात आणखी जपावे. मोठा ट्रेलर मालासकट ५५ टनांपर्यंत भरतो. खालच्या गिअरमध्ये उतरवला तर इंजिनच त्याला धरून ठेवते. डिझेल वाचवायला न्यूट्रल केला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचे ड्रम तापतात आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. ब्रेकच्या जळक्या लायनरचा उग्र वास काचा बंद असल्या तरी आत येतो. तो आला की त्या ट्रकच्या पुढे राहू नका, जागा मिळेल तिथे बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. ४ जुलै २०२३ ला घाटाखाली पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात शिरला, किमान दहा माणसे गेली. अशा उतारावर ट्रकच्या पुढ्यात गाडी घालून एकदम ब्रेक मारणारे कारवाले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मागच्या काचेवर ‘बेबी ऑन बोर्ड’ लिहिलेले असते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, उत्तम झाले. जुने ट्रक अजून बरीच वर्षे धावतील.

आपल्या वाचकांपैकी कित्येकजण पीथमपूर, देवास, सांवेर रोडच्या कारखान्यांत आहेत. त्यांना एक विनंती. गाडी आल्याची वेळ गेट रजिस्टरमध्ये लिहिलेलीच असते. माल सोडताना ती बघून पोचण्याची वेळ ठरवा. दिवसभर रांगेत काढलेली गाडी रात्री आवारातच उभी राहू द्या, सकाळी सोडा. पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, फोन करून ‘गाडी उद्या संध्याकाळी येईल’ एवढे सांगायला डिस्पॅचवाल्याला वरच्या साहेबाची सही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त वाचक
सुदामा नगर, इंदूर