मल्चिंग पेपरमध्ये काय मिसळले आहे, ते रोलवर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मातीत कुजणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मल्चिंग पेपरविषयी, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायच्या पातळ प्लास्टिक फिल्मविषयी, हे पत्र लिहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात अर्धा एकर कलिंगडासाठी मी नेहमीचा चंदेरी-काळा पेपर सोडून, जास्त भाव देऊन, स्टार्चमिश्रित पेपर घेतला. पीक निघाल्यावर रोटाव्हेटर फिरवून तो मातीत मिसळला. पावसाळ्यानंतर कांद्याचे वाफे बांधताना ढेकूळ फोडले की आत नखाएवढे तुकडे निघत होते आणि बोटांत चोळले तर त्यांचा भुगा न होता ते रबरासारखे ताणले जात होते.

यात स्टार्चचा दोष नाही. मक्याचा स्टार्च ग्लिसरॉल आणि पाण्यासह तापवून मळला की प्लास्टिकसारखा वितळतो. मात्र नुसत्या स्टार्चची फिल्म ओलाव्याने फुगते आणि फाटते, म्हणून तिच्यात कृत्रिम पॉलिमर, म्हणजे लांब रेणूसाखळ्यांचा प्लास्टिक पदार्थ, मिसळावाच लागतो. हा जोडीदार पॉलिथिलीन असेल, तर जिवाणू स्टार्च खाऊन टाकतात आणि पॉलिथिलीनचे तुकडे रानात तसेच राहतात. तो पीबीएटी हा कुजू शकणारा पॉलिस्टर असेल, तर खनिज तेलापासून बनलेला असूनही त्याच्या साखळीतले एस्टर बंध सूक्ष्मजीवांच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) तुटतात आणि काळाच्या ओघात त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाणी व जैवभार होतो. आमच्या विक्रेत्याला मी जोडीदाराचे नाव विचारले, तेव्हा त्याने रोलवरचे हिरवे पान दाखवले.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. आयएसओ १७०८८ हे मानक कंपोस्टसाठी आहे आणि त्यातली विघटनाची चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. आमच्या रानातली माती इतकी तापून महिनोन्महिने तशी राहत नाही. युरोपने मल्चिंग फिल्मसाठी २०१८ मध्ये ईएन १७०३३ हे वेगळे मानक केले, त्यात मातीतच, दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटन दाखवावे लागते. कंपोस्टचा दाखला दाखवून शेतकऱ्याला मातीचे आश्वासन देणे ही सरळ फसवणूक आहे.

तेव्हा प्रत्येक रोलवर मिश्रणातील दोन्ही पॉलिमरची नावे आणि चाचणी मातीत झाली की कंपोस्टमध्ये, हे मराठीत छापणे कृषी विभागाने सक्तीचे करावे; मल्चिंगवरील अनुदानही त्याच अटीवर द्यावे. माझ्याकडे त्या रोलचा उरलेला दोनेक मीटर पेपर आणि रानातून वेचलेल्या तुकड्यांची पिशवी आहे. एखाद्या कृषी विज्ञान केंद्राला तपासायची असेल, तर मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे