एकट्या वैमानिकांवर खापर नको

महोदय,

कालच्या अंकातला हेलिओस विमान दुर्घटनेवरचा लेख वाचला. 'वैमानिकांचा निष्काळजीपणा' असा मथळा देऊन मोकळं होणं मला पटलं नाही. माझी उभी हयात विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून लिहितो.

14 ऑगस्ट 2005 ला सायप्रसमधल्या लार्नाकाहून निघालेल्या त्या बोइंग 737 चा केबिन प्रेशरचा (आतल्या हवेच्या दाबाचा) नॉब 'मॅन्युअल'वर होता, म्हणजे दाब आपोआप राखला जाणार नव्हता. पहाटे हवेची गळती तपासताना तो तसा न्यावा लागतो. परत 'ऑटो'वर आणायचा राहिला. वैमानिकांना तो तपासायची तीनदा संधी होती आणि तिन्ही वेळा सुटला. ही चूक मी झाकत नाही. पण वर गेल्यावर दाब घटल्याचा जो हॉर्न वाजला, तोच जमिनीवर टेकऑफची मांडणी (उड्डाणाआधीची फ्लॅप वगैरेंची जुळणी) चुकली तरी वाजतो. दोन वेगळ्या संकटांना एकच आवाज! नॉब डोक्यावरच्या पॅनेलवर आणि 'मॅन्युअल' दाखवणारा दिवा हिरवा. हिरवा दिवा बघून कोण दचकेल? वैमानिक बेशुद्ध पडले, विमान कोसळलं आणि 121 माणसं गेली. दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगळे दिवे बसवणं अमेरिकेत सक्तीचं व्हायला 2011 उजाडलं.

मीही एकदा रात्रपाळीत हीच चाचणी केली होती. सही करून निघालो आणि कुर्ला स्टेशनवर लक्षात आलं, नॉब फिरवल्याचं काही केल्या आठवत नाही. पीसीओवरून हँगरला फोन लावला. पलीकडून उचलेपर्यंत घशाला कोरड पडली. विमान अजून उभं होतं. को-पायलटनं तपासणीत नॉब 'ऑटो'वर घेतला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, जॉब कार्डावर 'नॉब ऑटोवर' अशी वेगळी ओळ आणि वेगळी सही हवी. 'तुम्ही लक्ष देऊन काम करा,' एवढंच उत्तर मिळालं. मी निवृत्त झालो तरी ती ओळ आली नव्हती. ते आजही सलतं.

2018 साली मुंबई-जयपूर विमानात ब्लीडचा (इंजिनाकडून केबिनला हवा देणारा) स्विच लावायचा राहिला, 30 च्या आसपास प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. तेव्हाही चर्चा वैमानिकांपाशीच थांबली.

आणखी एक. लेखातलं 'केबिनमधला ऑक्सिजन संपला' हे वाक्य चूक आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही 21 टक्केच असतं, कमी होतो तो दाब. शिवाय छायाचित्रातला कॉकपिट एअरबसचा आहे. बाजूची जॉयस्टिक स्पष्ट दिसते. 737 ला योक, म्हणजे समोर स्टिअरिंगसारखा दांडा असतो. कृपया दोन्ही दुरुस्त्या छापाव्यात.

– एक निवृत्त विमान देखभाल तंत्रज्ञ, डोंबिवली