महसूल मंत्र्यांना खुले पत्र : दगडातलं तळं भरावात जाऊ देऊ नका

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गौण खनिजाचे परवाने देताना विदर्भातील जीवाश्मांच्या थरांची नोंद घेण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन दगडाच्या एका खाणीवर जायचे. खाणीच्या उभ्या भिंतीत खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण आणि मधोमध कमरेएवढा राखाडी-हिरवट पट्टा दिसायचा. त्यातलं ढेकूळ हातोडीने हळूच फोडलं की बोटाच्या पेराएवढे शंख निघायचे. शंखाचं टोक वर धरलं की तोंड डाव्या हाताला येई. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं. डाव्या वळणाचा हा शंख फायसाचा, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा. म्हणजे लाव्हाचा एक थर निवला, त्याच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचलं, तळं झालं, गाळ बसला, गोगलगायी नांदल्या, आणि मग पुढचा लाव्हा वरून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं ते तळं मुलं हातात घेऊन बघायची.

शेवटची गेले तेव्हा पट्टा नव्हता. मुकादमाने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, तो भाग ठिसूळ होता, गिट्टी होत नव्हती. भरावाला टाकला." त्याला मी काय बोलणार? त्याच्या परवान्यावर किती ब्रास काढायचे ते लिहिलं होतं. थराबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणूनच हे पत्र खनिकर्म किंवा पर्यटन खात्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. गिट्टी, मुरूम, माती ही गौण खनिजं. त्यांचे परवाने महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ नुसार निघतात आणि ते काम आपल्या महसूल यंत्रणेच्या हातात आहे.

जीवाश्म म्हटलं की सगळ्यांना हाडं आठवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं सापडली. १९९७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि २००३ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (आयएसआय) त्याला 'इसीसॉरस' हे नाव मिळालं. हाडं कोलकात्यात सुखरूप आहेत. पण तो प्राणी कुठल्या पाण्यावर यायचा, काठावर चिखल होता की वाळू, उन्हाळ्यात तळं आटायचं का, हे हाड सांगत नाही, थर सांगतो. वाळूच्या दगडातले तिरके थर ज्या बाजूला कललेले असतात, त्या बाजूला नदी वाहत होती. कागदासारखे पातळ, सपाट थर संथ पाण्यात बसतात. लाल मातीत चुनखडीचे खडे दिसले की जमीन दर वर्षी ओली होऊन वाळत होती असं समजायचं, आणि हिरवट चिकणमाती दिसली की गाळ बराच काळ पाण्याखाली, हवेपासून दूर राहिला होता. हे सगळं जागेवरच वाचता येतं. ट्रकमध्ये भरलेल्या ढिगाऱ्यात दिशा उरत नाही आणि क्रमही उरत नाही.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचं उदाहरण तर माझ्या मनातून जात नाही. तिथल्या शेतांत जीवाश्म झालेली विष्ठा मिळते. दिसायला साधे दगडी गोळे. २००५ मध्ये लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत गवताच्या पानांतले सिलिकाचे कण होते, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, याचा हा भक्कम पुरावा साऱ्या जगाला विदर्भाने दिला. २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की त्यांत भाताच्या कुळातली गवतंही आहेत. धानाच्या बांधीत ज्याने हात घातला आहे त्याला पात्याची धार ठाऊक असते. ती धार याच सिलिकाची.

आपण मंत्रालयात बसता, तेव्हा मुंबईचंही सांगते. वरळीच्या टेकडीतल्या अशाच तळ्याच्या थरात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. 'डायनोसॉर' हा शब्द देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. वरळीत आज इमारतींची दाटी आहे, तिथे आता काही करता येणार नाही. पिसदुरा आणि डोंगरगाव अजून मोकळे आहेत.

याने पोट भरतं का, असं मला अनेकदा विचारलं गेलं. चंद्रपूरचा कोळसा म्हणजे जुन्या नद्यांच्या काठच्या दलदलीत कुजलेलं रान. कामठीचा वालुकाश्म म्हणजे जुन्या नद्यांची वाळू, आणि त्यात बोअरला चांगलं पाणी लागतं. नदी कुठून वाहत होती हे वाचता येणारी माणसं आपल्याला रोज लागतात, आणि ती अशा पट्ट्यांसमोर उभी राहूनच तयार होतात.

मी खाणींच्या विरोधात नाही. खाण नसती तर तो पट्टा मला दिसलाच नसता. माझं मागणं एवढंच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय नागपुरातच आहे. त्यांच्याकडून आणि विद्यापीठांकडून जीवाश्मांच्या थरांचे गट नंबर घ्या आणि ते तहसीलदारांपर्यंत पोचवा. त्या गटांत परवाना देताना एकच अट घाला : गाळाचा थर उघडा पडला की तेवढी भिंत पंधरा दिवस सोडायची, जाणकाराने मोजमाप करून, फोटो आणि नमुने घेऊन कळवलं की काम पुढे चालू. पिसदुरा आणि डोंगरगावच्या ठरावीक जागा मात्र उत्खननातून पूर्ण वगळा. शेतकऱ्याच्या वहितीला कुठेही हात लावू नका. नांगराने थर संपत नाही, जेसीबीने संपतो.

केंद्राने २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी लोकांसमोर ठेवला होता. पण ही अट घालायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने सांगितलं. त्या सरोवराहून कितीतरी जुनी तळी आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच परवान्यांखाली फुटत आहेत.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपूरला येताच. एक सकाळ काढा. हातोडी मी आणते, आणि डाव्या वळणाचा शंख आपल्या हातावर ठेवते. पट्टा शिल्लक असलेली एक खाण मला अजून माहीत आहे.

आपली नम्र,
भूशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर