सात दिवसांनंतरचे गाव : माझ्या कार्यक्रम अधिकारी मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम.

आज 24 सप्टेंबर, राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन. सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात नव्या तुकडीच्या स्वयंसेवकांसमोर उभी राहून मी त्यांना सांगितले की 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली, आणि आता त्यांनाही दोन वर्षांत 240 तास काम करायचे आहे, एका दत्तक गावात सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहायचे आहे. माझे बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, शिबिर संपल्यावर त्या गावाचं पुढं काय होतं?" या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकले, कारण ते तुम्ही मला माझ्या विसाव्या वर्षी दाखवले होते. तुमचे आभार मानायचे इतकी वर्षे राहून गेले. ते आज मानते आहे आणि सर्वांसमक्ष मानते आहे, कारण कार्यक्रम अधिकाऱ्याचे खरे काम कोणत्याही अहवालात येत नाही, हे आता त्याच खुर्चीत बसल्यावर मला पुरते कळले आहे.

पहिले आभार मात्र शिबिराच्याही आधीचे आहेत. मुलीने सात रात्री घराबाहेर राहायचे, हे माझ्या वडिलांना मान्य नव्हते आणि मीही तो विषय सोडून दिला होता. खरे सांगायचे तर मी योजनेत नाव घातले ते वाढीव गुणांसाठी. शिबिर हुकले तर हुकले, एवढीच माझी वृत्ती होती. तुम्ही मात्र एका रविवारी एसटीने आमच्या गावी आलात, ओट्यावर बसून चहा घेतलात आणि मुलींच्या मुक्कामाची खोली कोणती, रात्री सोबत कोण शिक्षिका असतील, दवाखाना किती अंतरावर आहे, हे एका कागदावर लिहून वडिलांच्या हाती दिलेत. "तुम्ही स्वतः एक दिवस येऊन बघा," असेही म्हणालात. वडील चौथ्या दिवशी खरोखरच आले. येताना शेंगांचे पोते घेऊन आले आणि दुपारपर्यंत आमच्यासोबत पहार चालवून गेले. माझ्यासारख्या किती मुलींच्या घरांचे उंबरे तुम्ही असे झिजवले असतील, याची नोंद कुठेही नाही.

ते शिबिर 2010 च्या डिसेंबरात माण तालुक्यात झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग, पहाटेची प्रभातफेरी, सकाळचे श्रमदान, दुपारचे बौद्धिक, रात्रीची आढावा बैठक. स्वयंपाकाची पाळी मुलांनाही होती, आणि भाकरी थापता येत नाही ही सबब तुम्ही कोणाकडूनही ऐकून घेतली नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह उभे केले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत, हे तुम्ही चुलीपुढे बसूनच सांगितले होते. सभागृहात ऐकले असते तर मी ते कदाचित विसरले असते. गटप्रमुख रोज बदलायचा हा तुमचा नियम होता, आणि जो मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे त्याची पाळी तुम्ही मुद्दाम दुसऱ्याच दिवशी लावली होती.

त्या सात दिवसांत आम्ही सांडपाणी जमिनीत जिरवणारे बावीस शोषखड्डे काढले. घरातले सांडपाणी गल्लीतून वाहत होते, डबकी साचत होती, डास होत होते. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर खडी आणि वाळू. टिकावाने हातांना फोड आले आणि शेवटच्या दिवशी गल्ली कोरडी झालेली पाहून आम्हाला भरून आले. समारोपाला पाहुण्यांची भाषणे झाली, आम्हाला 'उद्याचे नेते' म्हटले गेले, छायाचित्रे निघाली आणि वर्तमानपत्रात बातमी आली. आमच्या दृष्टीने काम संपले होते.

तुमच्या दृष्टीने ते संपले नव्हते. पुढच्या 15 ऑगस्टला महाविद्यालयातले ध्वजवंदन उरकल्यावर तुम्ही आम्हाला त्याच गावात परत नेलेत. पन्नास शिबिरार्थींपैकी चौदाच जण आले, कारण ना हजेरी लागणार होती, ना तास धरले जाणार होते. तुम्ही वहीत बावीस घरांची यादी करून आणली होती आणि आम्हाला फक्त एवढेच सांगितलेत की प्रत्येक खड्डा पाहायचा, चालू की बंद ते लिहायचे आणि घरातल्या बाईला कारण विचारायचे. बावीसपैकी नऊ चालू होते. तेरा खड्डे तुंबलेले होते आणि गल्लीत पुन्हा तेच पाणी वाहत होते. एका आजींनी मला हाताला धरून खड्ड्याशी नेले. वर साबणाचा राखाडी थर घट्ट बसला होता, त्यात खरकट्याची शिते, भांडी घासायच्या राखेचा गाळ आणि केसांचा एक गुंता होता. त्या म्हणाल्या, "फोटू काढून गेलासा, मागारी कोण आलं न्हाई. खड्डा तुंबला तर काय करायचं, ते कुणी सांगितलंच न्हाई." मला तोंड वर करून बघवेना.

त्या क्षणी तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही आम्हाला रागावला नाहीत, आणि गावकऱ्यांना देखभालीचे महत्त्व समजत नाही असे तर मुळीच म्हणाला नाहीत. पदर खोचून तुम्ही आजींच्या समोर बसलात आणि म्हणालात, "आजी, चूक आमची आहे. वर गाळणीचं मडकं बसवायला हवं होतं आणि ते साफ कसं करायचं, हे तुम्हाला दाखवायला हवं होतं. आम्ही तेवढं केलं नाही." मग तुम्ही फावडे मागितलेत. माझ्या बावीस वर्षांच्या शिक्षणात आणि त्यानंतरच्या नोकरीतही, अधिकारपदावरच्या माणसाने ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर बसून, कोणाकडेही बोट न दाखवता, चूक कबूल केलेली मी क्वचितच पाहिली आहे. नेतृत्वगुण वाढवण्याच्या अनेक कार्यशाळांना मी पुढे हजर राहिले. वक्तृत्व, वेळेचे नियोजन, आत्मविश्वास यांवर उत्तम बोलणारे वक्ते ऐकले आणि त्यांचा उपयोगही झाला. परंतु आपण केलेल्या कामाकडे परत जाऊन ते तुंबलेले पाहायचे आणि तिथेच बसून फावडे मागायचे, हे कोणी शिकवले नाही.

दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात पहिले दोन दिवस तुम्ही कुदळीला हात लावू दिला नाहीत. घरोघर जायचे, कोणाच्या घरी दिवसाला किती पाणी सांडते, ते कुठून येते, खड्डा साफ करायला वेळ कोणाला आहे, हे विचारायचे आणि ज्याने सांगितले त्याचे नाव दैनंदिनीत लिहायचे. "कोणाला विचारलंस?" हा तुमचा प्रश्न अजूनही माझ्या कानात आहे. नुसते 'गावकऱ्यांचे मत' असे लिहिलेले पान तुम्ही परत करत होतात. त्या वर्षी नवे खड्डे सहाच झाले, पण जुने तेराही खड्डे उपसून, तळाला भोके पाडलेले आणि नारळाच्या काथ्याने भरलेले मडके प्रत्येकावर बसले. काथ्या कधी काढायचा आणि कुठे टाकायचा, हे ज्या बायकांनी शिकून घेतले त्यांनीच ते शेजारणींना दाखवले. अहवालात 'सहा शोषखड्डे' हा आकडा फार लहान दिसला असणार. त्याबद्दल तुम्हाला वरून काही ऐकावे लागले का, हे तुम्ही आम्हाला कधी कळू दिले नाहीत.

15 ऑगस्टच्या त्याच दुपारी गावात ग्रामसभा होती आणि तुम्ही आम्हाला मागे सतरंजीवर बसवले होते. सभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. त्या दिवशी तेवढी नव्हती. सभा तहकूब झाली. आम्हाला वाटले, विषय संपला. परतीच्या टेम्पोत तुम्ही विचारलेत की तहकूब सभा पुन्हा भरेल तेव्हा किती माणसे लागतील, आणि कोणालाच उत्तर आले नाही. तहकूब सभेला कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अट नसते. म्हणजे पहिल्या सभेला गाव आले नाही तर दुसऱ्या सभेत मोजक्या चार माणसांनी घेतलेला निर्णय साऱ्या गावाचा निर्णय ठरतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेवर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते, पण घरी बसून राहण्याचा हा अर्थ मला तेव्हा प्रथम समजला. आमच्यातला एक मुलगा उत्साहाने म्हणाला की पुढच्या सभेत आपणच उठून बोलू. तुम्ही त्याला शांतपणे सांगितलेत, "इथं आपण पाहुणे. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. तुझ्या गावच्या यादीत तुझं नाव आहे का?" त्याचे नव्हते. माझेही नव्हते. त्या काळी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख असे, म्हणजे नाव घालायचे तर त्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागत. आता वर्षातून चार तारखा आहेत, तरीही माझ्या वर्गात अठरा पूर्ण केलेली कितीतरी मुले मतदार नोंदणीचा नमुना 6 न भरलेली सापडतात. तेव्हा पहिल्या तासाला मी तुमचाच प्रश्न विचारते.

माझे नाव यादीत आले आणि मी माझ्या गावच्या पाण्याच्या टाकीचा विषय हाती घेतला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येई आणि टाकी कोणी धुतलेली कोणाला आठवत नव्हती. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज मी रागाच्या भरात लिहिला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून विचारले, "टाकी वेळेवर का धुतली जात नाही?" तीस दिवसांच्या आत उत्तर आले की ही बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला दूरध्वनी केला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तुम्ही हसला नाहीत, अर्ज लिहूनही दिला नाहीत. "कायदा कागद देतो, कारण देत नाही. 'का' काढून टाक, 'प्रत द्या' असं लिही. टाकीच्या स्वच्छतेची आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीची नोंदवही असते, तिची प्रत माग," एवढेच सांगितलेत. प्रत मिळाली. पाच महिन्यांचे रकाने कोरे होते.

तो कागद घेऊन एकटीने सभेत उभे राहायची माझी इच्छा होती. तुम्ही विचारलेत, "पाणी भरतं कोण?" म्हणून मी तो आधी महिला ग्रामसभेत नेला. आईसह सात बायका माझ्यासोबत होत्या आणि त्यांच्यातल्या ज्या काकू कधी सभेला आल्या नव्हत्या, त्यांनीच गढूळ पाण्याची कळशी पुढ्यात ठेवून विषय मांडला. मी फक्त नोंदवहीची प्रत वाचून दाखवली. ठराव झाला. आठवडाभरात टाकी धुतली गेली आणि तिच्यावर निळ्या रंगात तारीख लिहिली गेली. ती तारीख आजही बदलती राहते, कारण ती पाहायला काकू स्वतः जातात. माझे नाव त्या ठरावात कुठेही नाही. तेव्हा त्याची थोडी रुखरुख लागली होती, आणि तुम्हाला ती कळली होती. "तू नोकरीला बाहेरगावी जाशील, काकू गावातच राहतील," असे तुम्ही म्हणाला होतात, आणि तसेच झाले.

मॅडम, आता माझ्या हाती तुमच्यासारखीच वही आहे. अहवालाचे तक्ते भरताना किती झाडे लावली, किती खड्डे काढले, किती रॅली निघाल्या, असेच रकाने समोर येतात, आणि किती झाडे जगली यासाठी मी वहीत स्वतःचा एक रकाना आखून घेतला आहे. तो भरताना दरवेळी मन खट्टू होते, पण रकाना कोरा सोडवत नाही. शिबिराआधी मीही मुलींच्या घरी जाते. गटप्रमुख रोज बदलते. दोनदा मला स्वयंसेवकांसमोर आणि गावासमोर चूक कबूल करावी लागली. दोन्ही वेळा तुमचे ते आजींसमोर बसणे आठवले म्हणून ते जमले.

सकाळच्या त्या मुलीला मी सांगितले की तुझ्या प्रश्नाचे उत्तर आपण येत्या रविवारी प्रत्यक्ष बघायला जाऊ. गेल्या हिवाळ्यात ज्या गावात आम्ही परसबागा करून दिल्या तिथे जायचे आहे, आणि आत्तापर्यंत एकवीस जणांनी नावे दिली आहेत. हजेरी लागणार नाही हे त्यांना माहीत आहे. किती वाफे हिरवे असतील आणि किती वाळलेले, मला ठाऊक नाही. तुम्ही निवृत्त झालात आणि गुडघ्यांचा त्रास आहे, हेही मला माहीत आहे, तरीही विनंती करते की जमल्यास आमच्यासोबत यावे. एसटी सकाळी पावणेसातची आहे. खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी धरून ठेवते आणि घरांची यादी केलेली वहीही सोबत घेते, म्हणजे जाता जाता ती तुमच्या नजरेखालून जाईल.

आपली विद्यार्थिनी,
2010 च्या तुकडीतील एक स्वयंसेविका